पपनसाच्या कुंडीतल्या अळ्या: ब्लू मॉर्मन की आणखी कोणी?

गच्चीबाग_ठाणे
पूर्वेकडच्या बाल्कनीत सोळा इंची कुंडीत पपनसाचे कलम आहे, शेजारी कागदी लिंबू आणि कढीपत्ता. तिन्हींवर अळ्या आहेत. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत होत्या, आता हिरव्यागार झाल्या आहेत. पपनसावरच्या अळ्या बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठ्या आहेत. त्यातल्या एकीने खाणे थांबवले, पातळ हिरवट विष्ठा टाकली आणि ती झाड सोडून भिंतीकडे निघाली. हा रोग आहे का? दुसरा प्रश्न, एक कोष पडद्यावरून खाली पडला आहे. वाचेल का? आणि या अळ्या ब्लू मॉर्मन फुलपाखराच्या आहेत हे ओळखायचे कसे?

पानोपानी
पहिल्या प्रश्नाची काळजी सोडा, रोग नाही. कोषात जाण्यापूर्वी अळी पोट पूर्ण रिकामे करते. त्यामुळे शेवटची विष्ठा पातळ असते आणि अळीही थोडी आक्रसते. मग ती आडोशाची जागा शोधत काही फूट सहज चालते. तिला उचलून परत पानावर ठेवू नका, ती पुन्हा उतरेल आणि शक्ती वाया जाईल. जागा ठरली की ती रेशमाची छोटी गादी विणते, शेपटाकडची बाजू तिथे रोवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक पट्टा घेऊन डोके वर करून बसते. साधारण एका दिवसात कातडी टाकते आणि कोष दिसतो. खरा रोग असेल तर अळी मऊ पडते, काळपट होते, पानाला उलटी लोंबते आणि तिच्यातून दुर्गंधी येणारे पाणी गळते. अशी अळी दिसली तर त्या पानासकट लगेच काढा आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या अळ्यांना लावू नका.

आता ओळख. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर आपल्याकडे मुख्यतः तीन फुलपाखरांच्या अळ्या सापडतात: लिंबू फुलपाखरू, कॉमन मॉर्मन आणि ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी किंवा नीलवंत. तिघांच्याही अळ्या लहानपणी विष्ठेचे सोंग घेतात, पाचव्या म्हणजे शेवटच्या टप्प्यात हिरव्या होतात, आणि डिवचल्यावर डोक्यामागून दुशिंगी लालसर अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. म्हणून नुसत्या 'हिरवी अळी, लाल शिंगे' यावरून काही ठरवू नका. कढीपत्त्यावरच्या बहुधा कॉमन मॉर्मनच्या असतील, कागदी लिंबाच्या कोवळ्या पालवीवरच्या लिंबू फुलपाखराच्या. लिंबू फुलपाखराची पूर्ण वाढलेली अळी दीड इंचाच्या आसपास असते, ब्लू मॉर्मनची त्याहून बरीच लांब आणि जाड. पपनसावर तेवढी मोठी असेल तर आशा ठेवा, खात्री मात्र कोषातून फुलपाखरू निघाल्यावरच होईल. मागच्या पंखांना शेपटी नसेल, पंख मखमली काळे असतील आणि मागच्या पंखांचा बाहेरचा मोठा भाग फिकट निळा, त्यावर काळे ठिपके असतील, तर ब्लू मॉर्मन. पंख पसरल्यावर ते 12 ते 15 सेंमी भरते. पंख मिटून बसले की खालच्या बाजूला, अगदी बुडाशी, लाल ठिपके दिसतात. कॉमन मॉर्मनच्या नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते आणि शेपट्या असतात. लिंबू फुलपाखराला शेपटी नसते, पण ते पिवळ्या-काळ्या चौकड्यांचे असते. त्यामुळे त्या टप्प्यावर गोंधळ होत नाही.

घाटवाट
पडलेल्या कोषाबद्दल. तो फुटला नसेल आणि त्यातून पाणी गळत नसेल तर वाचतो, पण जमिनीवर आडवा ठेवून चालणार नाही. बाहेर आलेल्या फुलपाखराला लगेच कशाला तरी धरून पंख खाली लोंबत सोडावे लागतात. शरीरातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलला जातो आणि दहा-वीस मिनिटांत पंख पसरतात. ती जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेले वाळतात आणि मग काहीही करता येत नाही.

खडबडीत कागदाची, चणे-फुटाण्यांना करतात तशी पुडी करा. कोष शेपटाकडून आत ठेवा, डोके वर, कोषाचा वरचा निम्मा भाग पुडीबाहेर. पुडी जाळीला किंवा जाड कापडाला उभी टाचा, म्हणजे बाहेर येताच पायांना पकड मिळेल. पंख लोंबायला आजूबाजूला आणि खाली वीतभर मोकळी जागा हवी. गुळगुळीत प्लॅस्टिकचा डबा किंवा काचेची बरणी नको, पाय घसरतात. कोष नवा आणि मऊ असेल तर एक दिवस कडक होऊ द्या, मगच हात लावा. डिंक थेट कोषाला लावू नका.

कोष हिरवा की तपकिरी यावरून जात ओळखायला जाऊ नका. तो बहुतेक वेळा आजूबाजूच्या पृष्ठभागाप्रमाणे होतो: पानांत हिरवा, भिंतीवर किंवा वाळक्या काडीवर तपकिरी. फुलपाखरू येण्याच्या आदल्या दिवशी तो गडद होतो आणि पंखांची नक्षी आतून दिसू लागते. कोषाला टाचणीच्या टोकाएवढे गोल भोक दिसले, तर आतून परजीवी गांधीलमाश्या निघून गेल्या आहेत. त्या मऊ, ताज्या कोषातच अंडी घालतात, म्हणून कोष झाल्यावर पहिला दीड दिवस जाळी पांघरणे सर्वांत महत्त्वाचे.

गच्चीबाग_ठाणे
धन्यवाद. पुडी करून टाचली. पण मग सगळ्या अळ्या घरातच आणून वाढवू का? पपनसाला साठ-सत्तर पाने आहेत आणि मोठ्या अळ्या पाच.

पानोपानी
पाच जास्त होतात. अळी आयुष्यभरात जेवढे खाते त्यातले बहुतांश शेवटच्या टप्प्यात खाते, आणि ब्लू मॉर्मनची भूक शरीराला साजेशी असते. एवढ्या झाडावर दोन ठेवा. उरलेल्या तीन दुसऱ्या पपनसावर किंवा मोसंबीवर हलवा. हात न लावता, अळी बसलेले पानच कापून नव्या पानावर टाचा, ती स्वतः सरकेल. एखादी अळी दिवसभर हललीच नसेल आणि डोक्यामागचा भाग फुगलेला दिसत असेल तर ती कात टाकत आहे, तिला त्या दिवशी हलवू नका. पायांची रेशमी पकड सुटली की कात अर्धवट अडकते.

घरात आणण्यापेक्षा फांदीवर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा असे माझे ठाम मत आहे. डब्यात ओलावा कोंडतो, विष्ठेवर बुरशी येते आणि एक अळी आजारी पडली की सगळ्याच जातात. डब्याशिवाय इलाज नसेल तर तळाला कागद घाला, तो रोज बदला, आणि डहाळी छोट्या बाटलीत ठेवून बाटलीचे तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या पाण्यात उतरून बुडतात.

घाटवाट
पिशवीबद्दल सहमत, फक्त एक जोड. मच्छरदाणीने सरडा, पक्षी आणि मोठ्या गांधीलमाश्या थांबतात, अंड्यात अंडी घालणारे सूक्ष्म कीटक थांबत नाहीत. ब्लू मॉर्मन एकेक अंडे सुटे, पानाच्या वरच्या बाजूला घालते. गोल, आधी फिकट, पुढे पिवळसर-नारिंगी. अंडे पूर्ण काळे पडले तर बहुधा परजीवींनी गाठले आहे. एरवी साधारण चार ते सहा दिवसांत अळी निघते आणि आधी अंड्याचे टरफलच खाते, ते पुसून काढू नका. त्यानंतर अळीचे तीन-चार आठवडे, कोषाचे दोन आठवडे धरा. थंडीत हे लांबते.

कुंपण
ही फुलपाखरे पुन्हा पुन्हा यावीत असे वाटत असेल तर फुलांपेक्षा अळीचे झाड जास्त महत्त्वाचे. एक्झोरा, जास्वंद, घाणेरी, भूतकेस यांवर प्रौढ येतात, मध घेतात आणि निघून जातात. अंडी घालायला मादीला लिंबाच्या कुळातलेच झाड लागते. सह्याद्रीत हे काम माकड लिंबू, किरमिरा आणि करी वागेटी करतात. दाट, पावसाळी जंगलाखालची ही झाडे आणि वेली तोडल्या गेल्या की आंबोलीसारख्या ठिकाणीसुद्धा फुले असूनही पुढची पिढी अडते. मुख्यतः भारताचा द्वीपकल्पीय भाग आणि श्रीलंका इथे सापडणारी ही जात. महाराष्ट्राने 2015 मध्ये तिला राज्य फुलपाखराचा मान दिला, तर तिच्या झाडांनाही अंगणात जागा द्यायला हवी. मुंबई, ठाणे, पुण्याच्या बागांत ती येते ते पपनस आणि लिंबांमुळेच. माकड लिंबाचे रोप मिळाले तर अर्ध्या सावलीत लावा, मादी सावलीतल्या फांद्यांकडे अधिक वळते. पपनसाची पावसाळ्याआधी हलकी छाटणी केली की ऐन हंगामात ताजी पालवी मिळते.

नर पावसाळ्यानंतर ओल्या वाळूवर क्षार शोषायला उतरतात. उथळ थाळीत वाळू ओली ठेवली तरी पुरते, पाणी साचू देऊ नका.

गच्चीबाग_ठाणे
दुसरे पपनस आणायचे ठरवले आहे. रोपवाटिकेतून आणताना काय पाहावे?

कुंपण
आधी विचारा की औषध कधी आणि कोणते दिले. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही कीटकनाशक मातीतून पानांत चढते आणि आठवडे, कधी महिने राहते. पान धुऊन ते जात नाही. अळी हिरवट ओकते, आक्रसते आणि मरते, आणि लोक त्याला रोग समजतात. नवे रोप आणल्यावर वेगळे ठेवा, जाळी घाला म्हणजे मादी अंडी घालणार नाही. घरी दोनदा नवी पालवी येईपर्यंत त्याची पाने अळ्यांना देऊ नका. निंबोळी तेल आणि बीटी (जिवाणूपासून केलेले कीटकनाशक) हे 'सेंद्रिय' म्हणून विकले जातात, पण बीटी अळ्या मारण्यासाठीच असते. शेजारच्या कुंडीवर फवारले तरी वाऱ्याने येते. बागायतदाराला कागदी लिंबाची लहान कलमे वाचवायची असतील तर अळ्या हाताने वेचून एका राखीव मोठ्या झाडावर सोडाव्यात. मोठ्या झाडाला थोडी पाने गेल्याने काही होत नाही, वर्षाच्या आतल्या कलमाला मात्र दोन-तीन अळ्याही बोडके करतात.