२०१२ सालचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं, आणि डीटीपीच्या जुन्या फायली त्याच्यातच

साखळी_अक्षरजुळणी:
नमस्कार. गोव्यात साखळीच्या बाजारात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करून द्यायचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, चवथीच्या आरत्यांच्या पुस्तिका, गावोगावच्या नाट्यमंडळांच्या संहिता, सगळं २०१२ साली घेतलेल्या एकाच मशीनवर चालतं. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. त्यावर पानं जुळवायचं पेजमेकर आणि जुने मराठी फाँट, त्यांचं यूएसबी लॉक (ते जोडलेलं असलं तरच चालतात) मागे कायम लावलेलं. ते फाँट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. म्हणून मशीन बदलणं मला सोपं नाही.

काल घड्याळ लावून मोजलं. बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह येईपर्यंत १ मिनिट ४० सेकंद. मध्ये रोज एफ१ दाबायला सांगतो, तो वेळ यातच धरलाय. डेस्कटॉप दिसायला आणखी साडेतीन मिनिटं. आणि डेस्कटॉप दिसल्यावर पेजमेकर उघडून हाताला लागेपर्यंत वर सहा. साडेनऊला गिऱ्हाईक प्रूफ बघायला येतं आणि मी त्याला नुसतं 'बसा, बसा' म्हणत राहतो.

एका दुरुस्तीवाल्यानं झाकण न उघडताच 'भंगारात घाला' म्हणून सांगितलं. ते मला पटत नाही. हाच कॉम्प्युटर नवा असताना दीड मिनिटात कामाला लागायचा. प्रोसेसर तोच, काम तेच. मग बिघडलं काय?

वास्को_लिनक्स:
विंडोज ७चे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. मी तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका म्हणेन, एक्सएफसीई डेस्कटॉपवाला. ४ जीबीत आरामात चालतो, आणि 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम' ही एक आज्ञा दिली की कुठल्या सेवेनं किती सेकंद खाल्ले ते ओळीनं दाखवतो.

फोंडा_लॅब:
वास्कोबाब, त्यांचं पेजमेकर आणि लॉक तिकडे चालणार नाही. पोट त्याच्यावर आहे त्यांचं.

दादा, तुम्ही वेळ तीन तुकड्यांत मोजलात, हे फार चांगलं केलंत. तीन तुकड्यांची कारणं वेगवेगळी असतात. मी शाळेच्या संगणक कक्षात असते, दर पावसाळ्यात अशी मशीनं माझ्या टेबलावर येतात.

पहिला तुकडा विंडोजचा नाहीच, मदरबोर्डचा आहे. एफ१ मागतो म्हणजे बहुतेक बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. घड्याळ रोज जुनी तारीख दाखवतं का बघा. रात्री विजांच्या भीतीनं प्लग काढून ठेवत असाल तर बोर्डाचं घड्याळ रात्रभर त्या ३ व्होल्टच्या सेलवरच चालतं, प्लग लावलेला असला की त्याच्यावर भार येत नाही. म्हणून आपल्याकडे तो लवकर संपतो. प्लग काढणं मात्र सोडू नका. सेल बदलला की बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) बूट ऑर्डर, म्हणजे मशीन कुठून सुरू व्हायचं त्याचा क्रम, बघा, जुनं सेटिंग पुसलं गेलेलं असतं. नेटवर्क पहिलं आलं असेल तर मशीन आधी केबलवर कोणी सापडतंय का ते शोधत बसतं. तिथे डिस्क 'आयडीई' पद्धतीवर चालते की 'एएचसीआय' पद्धतीवर हेही लिहून ठेवा. विंडोज ज्याच्यावर टाकलं तेच ठेवायचं, नुसतं बदललंत तर निळा पडदा येईल.

दुसरा तुकडा मला जास्त काळजीचा वाटतो. साडेतीन मिनिटं म्हणजे डिस्कचं दुखणं असू शकतं. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान तुकडे वाचतं. फिरणारी डिस्क एका सेकंदात असे शे-सव्वाशे तुकडेच वाचू शकते, एसएसडी (चिपांची, न फिरणारी डिस्क) हजारो. त्यात एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा लहानसा कप्पा, खराब झाला की डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचत राहते आणि सगळं तिथे अडतं. डिस्कची तब्येत दाखवणारं 'क्रिस्टलडिस्कइन्फो' उघडा आणि ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि सी५ (वाचताना अडलेले सेक्टर) या दोन ओळींचे आकडे सांगा. शून्य असायला हवेत.

आकडे शून्य नसतील तर डीफ्रॅग नको, चेकडिस्क नको. आधी कामाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर काढा. बाकी सगळं त्यानंतर.

तिसऱ्या तुकड्यासाठी विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स'ची नोंद उघडा. क्रमांक १०० मध्ये एकूण वेळ मिलिसेकंदात असतो. १०१ म्हणजे उशीर करणारा प्रोग्राम, १०२ ड्रायव्हर, १०३ सेवा. नावानिशी सापडतं.

साखळी_अक्षरजुळणी:
ताई, तारीख रोज १ जानेवारी २०१२ दाखवतो, आणि प्लग मी जूनपासून रोज काढतो. दोन्ही बरोबर ओळखलंत. ०५ समोर १६, सी५ समोर ४१. पिवळा रंग आलाय. रात्री झोप लागली नाही. सकाळी आधी 'कामे' नावाचा अख्खा फोल्डर बाहेर काढला, तीन फायली सोडून सगळा आला. आता पुढे?

फोंडा_लॅब:
५०० जीबीची एसएसडी घ्या, जुन्या डिस्कपेक्षा एक सेक्टरही कमी नको. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून 'डीडीरेस्क्यू'नं जशीच्या तशी प्रत काढा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागी शेवटी परत येतं. एक गोष्ट विसरू नका. त्याची मॅप फाईल (कुठपर्यंत वाचून झालं त्याची नोंद) वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाईट गेली तरी सोडलं तिथून पुढे चालू करता येतं. ती नसेल तर पहिल्यापासून. तुमचं लॉक यूएसबीचं आहे, डिस्कच्या नंबराशी बांधलेलं नाही, तेव्हा पेजमेकर आणि फाँट तसेच चालायला हवेत.

वास्को_लिनक्स:
जुनी आणि नवी डिस्क आज्ञेत उलटी लिहिली तर सगळं पुसलं जाईल. आधी 'एलएसबीएलके' देऊन दोन्हींची नावं बघा, कागदावर लिहा, मगच एंटर. मी एकदा स्वतः रडलोय.

साखळी_अक्षरजुळणी:
आठ दिवसांनी लिहितोय.

प्रत काढायला एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ गेला. मध्ये दोनदा लाईट गेली. ताईंनी मॅप फाईलचं सांगितलं नसतं तर मी दुसऱ्या खेपेला सोडून दिलं असतं. सेल बदलला. बूट ऑर्डरमध्ये खरंच नेटवर्क वर होतं, ते खाली सरकवलं.

१०१ क्रमांकात स्कॅनरचा एक प्रोग्राम सापडला. तो स्कॅनर मी चार वर्षांपूर्वी देऊन टाकलाय. शिवाय बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनची डिस्क नेटवर्कवरून 'झेड ड्राइव्ह' म्हणून अजून जोडलेली होती आणि विंडोज रोज तिची वाट बघत होतं. डीटीपीवाल्यांनी मुद्दाम बघावं असं म्हणजे फाँटचं फोल्डर. माझ्याकडे १,९०० च्या वर फाँट निघाले, एकेक सीडी आली की अख्खी टाकत गेलो होतो. विंडोज आणि पेजमेकर दोघांनाही ते ओझं. सगळ्यांची प्रत काढून ठेवली आणि कामाचे २१० तेवढे आत ठेवले. पण घाईनं पुसू नका, जुनी फाईल कुठला फाँट मागेल सांगता येत नाही. मी प्रत्येक वर्षाची एक फाईल उघडून बघितली, मगच काढले.

काल सकाळी परत घड्याळ लावलं. विंडोजचं चिन्ह १४ सेकंदांत, डेस्कटॉप आणखी २६, पेजमेकर उघडून हातात आणखी १८. एक मिनिटही लागलं नाही. मशीन तेच, रॅमही तीच.

विंडोज ७चे अपडेट थांबल्याचं वास्कोबाबांनी सांगितलं, ते मनावर घेतलंय. या मशीनची नेटची तार काढून टाकली. पीडीएफ पेनड्राइव्हवरून मुलाच्या लॅपटॉपवर नेतो आणि तिथून गिऱ्हाइकाला पाठवतो.

तीन फायलींपैकी दोन परत मिळाल्या. तिसरी, एका नाट्यमंडळाची संहिता, तिसऱ्या अंकाच्या मध्यावर तुटलीय. मंडळाकडे छापील प्रत आहे, ती आणलीय आणि तिथून पुढची पानं परत टाईप करायला घेतलीत. ताई, बाब, देव बरें करूं.