'घुमणारा बेस' आणि 'ठोकणारा बेस', फरक काय?

कणकवली: गाडीत वूफर (बेस म्हणजे खालचे, जाड सूर वाजवणारा स्पीकर) बसवायचाय, हॅचबॅक आहे. दुकानात पहिलाच प्रश्न, "घुमणारा बेस हवा की ठोकणारा?" म्हटलं दोन्ही, तर तो नुसता हसला. या शब्दांना खरंच काही अर्थ आहे की विकायची भाषा? आणि सील बॉक्स, पोर्ट बॉक्स याचा त्याच्याशी काय संबंध?

रत्नागिरी: अर्थ आहे, आणि दुकानदार बरा भेटलाय तुम्हाला, बाकीचे सरळ वॅटचा आकडा तोंडावर मारतात. ठोकणारा म्हणजे टोला पडला की आवाज तिथल्या तिथे संपतो, मागे लांबत नाही. हे सील बॉक्सचं काम. चारी बाजूंनी बंद खोका, आत कोंडलेली हवा कोनला (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा) आवरून धरते. घुमणारा म्हणजे पोर्ट बॉक्स, त्याला नळी किंवा फट असते, कोनच्या मागची हवा तिथून बाहेर येऊन आवाजात भर घालते आणि ज्या सुराला पोर्ट ट्यून केलाय (गाडीत बहुतेक 30 ते 40 हर्ट्झमध्ये कुठेतरी) त्याच्या आसपास तेवढ्याच वॅटमध्ये साधारण 3 डेसिबल जास्त मिळतात. सावंतवाडीकडच्यांनी घुमट आठवा, मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं, ते डाव्या हाताने झाकलं-सोडलं की घुमारा बदलतो.

मालवण: माका ता ठोकणा-बिकणा काय नको, डिकी थरथराक होयी!

रत्नागिरी: मग पोर्टच घ्या, पण डिकीत बॅगा ठेवायचं विसरा 😄 12 इंची वूफरला सीलमध्ये साधारण 1 घनफूट म्हणजे 28 लिटर पुरतात, पोर्टला त्याच्या दीडपट-दुप्पट लागतात. नेमका आकडा वूफरच्या कागदावर असतो तोच धरायचा, रेडिमेड खोक्यात कुठलाही वूफर कोंबला तर घुमत नाही, नुसतं भसाभसा वाजतं.

देवगड: 'बेस' की 'बास' ते पण एकदा ठरवा. आमच्याकडे बास म्हणजे पुरे, आणि तुमचा वूफर सुरू झाला की शेजारचे तेच ओरडणार.

रत्नागिरी: बोलताना बेसच म्हणतात, तेच चालू द्या. आपला जुना शब्द खर्ज आहे पण दुकानात जाऊन खर्ज मागितला तर चहा पाजून परत पाठवतील.

कणकवली: बरं, आणि 'वूफर मोकळा सुटतो' म्हणजे? तेही बोलला तो.

रत्नागिरी: ते पोर्टबद्दलच. ट्यूनिंगच्या खालचा सूर आला की आतली हवा कोनला धरत नाही, कोन नको तेवढा पुढे-मागे जातो आणि आवाज वाढवून ठेवला असेल तर कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) आपटते. म्हणून पोर्ट घेतला तर अँपमध्ये (अँप्लिफायरमध्ये) सबसोनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारी सोय, हवाच, तो ट्यूनिंगच्या थोडा खाली लावायचा. सीलला ही भानगड फारशी नाही. वॅट बघताना आरएमएस (सतत झेपणारी ताकद) लिहिलेला आकडा बघा, डब्यावर मोठ्या अक्षरात असतो तो पीक (क्षणभराचा), त्याला काही अर्थ नाही.

चिपळूण: खोका कशाचा करताय? एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) सगळीकडे चालतो पण आपल्या पावसात डिकीत पाणी झिरपलं की कडा फुगतात, मग सांधा सुटतो आणि सील बॉक्स नावालाच सील राहतो. मरीन प्लाय 18 एमएमचा घ्या, आतून सांध्यांना सिलिकॉन भरा. आणि डिकीच्या झाकणाला डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारी) लावा, नाहीतर नंबरप्लेटची खडखड ऐकून लोक तिलाच बेस समजतात.

कणकवली: भजनं आणि ढोलताशा जास्त ऐकतो मी, जुनी गाणी पण. डिकीत आंब्याच्या पेट्याही न्यायच्या असतात.

रत्नागिरी: मग विचार कसला करताय, 10 इंची, सील. मृदंगाची थाप सुटी ऐकू येईल आणि पेट्यांनाही जागा राहील. मालवणकरांना 12 इंची पोर्ट.

मालवण: दोन लावतलंय.