दुधाच्या पिशव्या बंद करून काचेच्या बाटल्या आणाव्यात का?

रतीब: रोज लिटरभर दूध म्हणजे अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या, वर्षाला 730. इतक्या नेमाने घरात येणारं दुसरं प्लास्टिक नाही. मुंबईत आरेचं दूध अॅल्युमिनियमच्या पातळ झाकणाच्या बाटल्यांतून यायचं, रिकामी दिली की भरलेली मिळायची. तीच पद्धत अनामत रक्कम घेऊन परत आणायला काय हरकत आहे?

तराजू: हिशोब वजनात करा. अर्ध्या लिटरची रिकामी, कोरडी पिशवी जेमतेम अडीच-तीन ग्रॅम भरते. म्हणजे वर्षाचं प्लास्टिक दोन किलोच्या आसपास. लिटरची काचेची बाटली चारशे-पाचशे ग्रॅमची. बारा बाटल्यांच्या क्रेटमागे पाच-सहा किलो काच जाताना वाहायची आणि येतानाही. शिवाय पिशवी नुसत्या पॉलिथिनची, त्यामुळे भंगारवाला ती किलोवर घेतो. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात थर एकमेकांना चिकटवलेले असतात, त्याला तो हातही लावत नाही. आधी त्या पाकिटांच्या मागे लागा.

सुका कचरा: घेतो, पण स्वच्छ असेल तरच. कोपरा साफ कापून टाकला की तो नखाएवढा तुकडा कुणी वेचत नाही, थेट मोरीत जातो. तिरका काप द्यायचा, शेवटचा अर्धा सेंटिमीटर सोडायचा म्हणजे कोपरा लोंबत राहतो. दूध ओतलं की पिशवीत थोडं पाणी घालून हलवायचं, ते पाणी चहाला किंवा कणकेला. मग वरची कड पूर्ण उघडून पिशवी दोरीवर वाळत घालायची. ओली पिशवी आंबते आणि सोबतची रद्दीही वाया घालवते. राहता राहिला परतावा. महाराष्ट्राच्या मार्च 2018च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली ती अटीवर: जाडी 50 मायक्रॉनच्या वर आणि परत घेण्याची किंमत, किमान 50 पैसे, छापलेली. ते 50 पैसे किती दुकानांत हातात पडतात, ते विचारून बघा.

रतीब: मग बाटलीची अनामतही तशीच कागदावर राहील असं म्हणायचंय का? रक्कम बाटलीच्या किमतीच्या जवळपास ठेवा, म्हणजे आपोआप परत येईल. दहा रुपये ठेवलेत तर ती फ्रिजमध्ये पाण्याला लागेल.

बाटली-धुणी: अडचण अनामतीच्याही पुढे आहे. एका गिऱ्हाइकामागे एक बाटली पुरत नाही. एक घरात, एक परतीच्या वाटेवर किंवा धुण्यात, एक भरलेली, आणि फुटतुटीला थोड्या जादा. धुताना आधी नुसत्या पाण्याने खळबळून घेतात, मग साठ-सत्तर अंशांच्या, साधारण एक-दोन टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात आणि शेवटी भरपूर स्वच्छ पाण्याने धुतात. ते पाणी आणि ते तापवायचं इंधन हिशोबात धरा. घरून बाटली न धुता आली की दुधाचा थर काचेला धरून बसतो. म्हणून रिकामी होताच आधी गार पाण्याने विसळा. पहिलंच पाणी कढत घेतलं तर दुधातली प्रथिनं शिजून चिकटतात, मग ब्रश फिरवूनही आंबूस वास जात नाही. तोंडाचा टवका उडालेली बाटली तिथल्या तिथे बाद.

भांडंवाले: पिशवी नको, बाटलीही नको. दिल्लीत मदर डेअरीच्या बूथवर टोकन टाकलं की पाश्चराइज केलेलं सुटं दूध आपल्या भांड्यात पडतं. धुवायचं ते आपलंच भांडं, आणि काच वाहायची नाही.

तराजू: सुट्या दुधात वाटेत पाणी मिसळलं तर कळणार कसं? पिशवीवर निदान तारीख आणि बॅच नंबर असतो.

भांडंवाले: रास्त शंका. टाकी डेअरीच्याच टँकरने भरायची, मधल्या माणसाने कॅन ओतायचा नाही. थंडावा चार-पाच अंशांवर टिकला पाहिजे. दूध होमोजिनाइज केलेलं हवं, नाहीतर टाकीत हलवणी तरी हवी. हे नसेल तर साय वर चढते, आणि नळ खाली असल्याने सकाळच्या गिऱ्हाइकाला पातळ दूध आणि टाकी संपताना येणाऱ्याला घट्ट. भांडं झाकणाचं स्टीलचं न्या. तोंड रुंद असेल तर हात घालून घासता येतं.

रतीब: टाकीचं मान्य. पण बूथ चालत जाण्याच्या अंतरावर नसला तर दोन किलो प्लास्टिक वाचवायला रोज स्कूटर निघेल.