शब्दचर्चा: रागाचं 'चलन'

प्रश्न: मुलगी सदाशिव पेठेत गाणं शिकते. भूप रागाचा आरोह-अवरोह, म्हणजे स्वरांची चढ-उतार, तिने चोख म्हणून दाखवला, तर बाई म्हणाल्या, "स्वर आले, आता चलन यायला हवं." मला चलन म्हणजे नोटा-नाणी, नाहीतर बँकेत भरतात ते. गाण्यात या शब्दाचा अर्थ काय? चाल आणि चलन एकच का?

प्रतिसाद: एकच नव्हेत, आणि हा फरक मराठीत फार छान टिकला आहे. चाल गाण्याची, चलन रागाचं. कवितेला चाल लावतात. चलन कुणी लावत नाही, ते रागाचं असतंच. पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणाऱ्या भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या 'संगीत स्वयंवर' या नाटकाला चाली दिल्या. त्यातलं 'नाथ हा माझा' घ्या. चाल बुवांची, चलन यमन रागाचं.

राग कुठून उठतो, कुठे विसावतो, कुठला स्वर नुसता शिवून पुढे जातो, कुठे वळण घेतो, ही सगळी रीत म्हणजे चलन. बाईंनी भूप निवडलाय तेही उत्तमच, कारण भूपाचे स्वर आणि देशकार या दुसऱ्या रागाचे स्वर तंतोतंत तेच: सा रे ग प ध, सगळे शुद्ध, म आणि नी वर्ज्य (म्हणजे घ्यायचेच नाहीत). नुसता आरोह-अवरोह म्हटला तर ऐकणाऱ्याने कुठला राग समजायचा?

आता 'ग, रे, सा' म्हणून मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतावर, म्हणजे ध वर या, तिथून 'सा रे ग' करत गंधारावर (ग वर) थांबा. मग 'प ग, ध प ग, रे, सा'. हा भूप. वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; सगळा जीव पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात), रिषभालाही (रे) मान. देशकारात 'ध, प, ग प, ध प, ग रे सा'. इथे धैवत राजा. रिषभावर रेंगाळायचं नाही, येताना ओझरता घ्यायचा. भूप संध्याकाळनंतरचा, देशकार सकाळचा. भूप गाताना धैवतावर जरा जास्त मुक्काम झाला की देशकार लगेच डोकावतो. चलन सुटलं म्हणतात ते हेच.

वापर बघा: 'यमनाचं चलन सरळ आहे', 'गौड सारंगाचं चलन वक्र आहे' (सा, ग रे म ग, प म ध प अशी वळणं घेत जातो), 'या बंदिशीत रागाचं चलन स्पष्ट दिसतं'. शब्द नपुंसकलिंगी, बहुतेक एकवचनीच. पकड मात्र स्त्रीलिंगी. पकड म्हणजे राग ओळखू येईल एवढा छोटा स्वरसमूह. चलन त्याहून ऐसपैस.

प्रश्न: मग सराव कसा करायचा? वहीत लिहून पाठ केलं तर चालेल?

प्रतिसाद: लिहून ठेवायला हरकत नाही, पण वहीत स्वर उतरतात, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) उतरत नाही. भूपातलं सा वरून धैवतावर येणं घ्या. पेटीवर दोन पट्ट्या दाबल्या की झालं. गळ्याने ते अंतर घसरत यावं लागतं आणि भूपाचा रंग त्या घसरण्यात आहे. म्हणून तानपुरा लावावा, तबल्याचा ठेका नको. एकच स्वरवाक्य घ्यावं, गंधारावर थांबून आवाज तानपुऱ्यात मिसळेपर्यंत तिथेच राहावं, मगच पुढचं. भूप अंगात मुरल्याशिवाय देशकार हाती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही एकदम शिकवले की मुलं गोंधळतात. ऐकणं मात्र दोन्हींचं भरपूर होऊ द्या. जमेल तेव्हा डिसेंबरात पुण्यातल्या 'सवाई' गंधर्व संगीत महोत्सवालाही घेऊन जा.

प्रतिसाद: एक भर. यमनाचा आरोह पुस्तकात बरेचदा 'सा रे ग म प ध नी सां' असा सरळ छापलेला दिसतो (म तीव्र), पण गाताना 'नी रे ग, म ध नी सां' असा षड्ज (सा) आणि पंचम (प) चुकवून वर जाण्याकडे कल असतो. त्याशिवाय घराण्याघराण्यांत थोडा फरक असतोच. 'आमच्याकडे हे असं घेतात' हे वाक्य पुण्यात कुठल्याही क्लासात ऐकू येईल. तेव्हा मुलीला सध्या बाईंचंच चलन गिरवू द्या, ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहायची घाई नको.