ऊसतोड मजूर जनगणनेत कुठे मोजायचे: गावात की कोपीवर (उसाच्या फडाजवळच्या झोपडीत)?

बालाघाटकर (धागाकर्ता)
जनगणनेची घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात आणि प्रत्यक्ष माणसं मोजणं फेब्रुवारी २०२७मध्ये. संदर्भ धरलाय १ मार्चच्या ०० वाजताचा. बाकी देशाला ही तारीख सोयीची असेल, पण बालाघाटावर ती बसत नाही. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या बीड जिल्ह्यातल्या पट्ट्यातल्या वाड्या-तांडे फेब्रुवारीत निम्मे रिकामे असतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या असतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे हंगाम संपल्याशिवाय, माघारी येत नाहीत.

२०११ला नियम असा होता: ९ ते २८ फेब्रुवारी या काळात माणूस ज्या घरी राहत असेल तिथे त्याची नोंद. एखादा अख्खा काळ बाहेर असेल तर गावात तो धरायचाच नाही, जिथे सापडेल तिथे धरायचा. म्हणजे पाटोद्याचं जोडपं कागदोपत्री कोल्हापूर, सांगली नाहीतर बेळगावच्या लोकसंख्येत जाणार.

याचा परिणाम गावाला वर्षानुवर्षं भोगावा लागतो. १,६०० लोकसंख्येच्या गावाला ग्रामपंचायतीत ९ सदस्य मिळतात. त्यातले ३०० फडात असताना मोजणी झाली की आकडा १,३०० आणि सदस्य ७. आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५,००० लोकांचा. वित्त आयोगाचा निधीही मुख्यतः लोकसंख्येवरच वाटला जातो. २०११चा आकडा पंधरा वर्षं चालला, हे सगळ्यांनी पाहिलंय.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ऊसतोड मजुरांची नोंद मूळ गावीच व्हावी.

मांजराकाठ
दादा, कळकळ पटते, मागणी पटत नाही. जनगणनेत एक माणूस एकदाच मोजायचा असतो. गावात भावकीने सांगितलेली नावं लिहून घेतली आणि तिकडे कोपीवर प्रगणकाने तीच माणसं पुन्हा लिहिली, तर दुबार नोंद झाली. दुबार नोंद शोधणं हे सुटलेला माणूस शोधण्यापेक्षा अवघड.

शिवाय कोपीवर नोंद झाली म्हणजे माहिती बुडाली असं नाही. प्रश्नावलीत जन्मस्थान असतं, मागील वास्तव्याचं ठिकाण असतं (हा प्रश्न १९७१पासून आहे), स्थलांतराचं कारण आणि इथे येऊन किती काळ झाला तेही असतं. पाटोद्याचं जोडपं "मागील वास्तव्य बीड जिल्हा, कारण रोजगार, कालावधी एक वर्षाच्या आत" असं नोंदलं जाईल. तक्त्यांतून हा गट वेगळा काढता येतो. फेब्रुवारीत ती माणसं पाणी, दवाखाना, रेशन सगळं तिकडचंच वापरतात. मग तिकडच्या लोकसंख्येत धरली तर चूक काय?

भूगोल_मास्तर
मांजराकाठ, तुम्ही नियम बरोबर सांगितला, पण तो कोणत्या प्रकारच्या स्थलांतरासाठी बनलाय ते पाहा. रॅव्हेन्स्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ साली स्थलांतराचे नियम मांडले ते ब्रिटनच्या १८७१ आणि १८८१च्या जनगणनेवरून. त्या आकड्यांत माणूस एका ठिकाणाहून दुसरीकडे गेला की गेला. आपली जनगणनाही तोच साचा वापरते. म्हणूनच २०११ला देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित निघाले आणि त्यात सर्वांत मोठं कारण निघालं विवाह. सासरी गेलेली बाई चाळीस वर्षांनीही स्थलांतरित, आणि दरवर्षी सहा महिने फडात राबणारी बाई मोजणीच्या दिवशी गावात सापडली तर ऊसतोडीची स्थलांतरित म्हणून तिची नोंदच नाही. ऊसतोड हे चक्रीय स्थलांतर आहे. त्यात मुक्काम बदलतो, पण घर, शेत, मतदान, देव सगळं मूळ गावीच राहतं.

राष्ट्रीय नमुना पाहणीने यासाठी वेगळी व्याख्या केली. २००७-०८च्या ६४व्या फेरीत मागच्या ३६५ दिवसांत रोजगारासाठी एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेला माणूस अल्पकालीन स्थलांतरित धरला. ऐकायला छान. पण टोळी ऑक्टोबरच्या मध्यावर निघाली आणि एप्रिलच्या अखेरीस परतली तर सहा महिने उलटतात, आणि ती व्याख्येबाहेर पडते. दुसरं असं की ही पाहणी कुटुंबाकडे जाऊन होते. पुण्याला एकटा कामाला गेलेला मुलगा तीत सापडतो, कारण माहिती सांगायला घरी आई-बाप असतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारी जोडी, आणि ती मात्र नवरा-बायकोची. लहान लेकरंही बरोबर जातात. घराला कुलूप असेल तर विचारायचं कुणाला?

तेरणाकाठ
मुळात इतकी माणसं जातातच का, त्यावर कुणी बोलत नाही. लोकसंख्या जास्त आणि जमीन कमी, एवढं साधं आहे.

भूगोल_मास्तर
आकडे उलट सांगतात. २०११ला बीडची घनता चौरस किलोमीटरला २४२ होती, कोल्हापूरची ५०४. कमी घनतेच्या जिल्ह्यातून दुप्पट घनतेच्या जिल्ह्याकडे माणसं जातायत. नुसती घनता काढताना डोंगर, माळ, मुरमाड रान सगळं क्षेत्रफळात धरलं जातं. ओलिताखालच्या एकरामागे माणसं किती, हे पाहिलं तर चित्र पालटतं. बालाघाटावर पर्जन्यछायेतला बेभरवशाचा पाऊस आणि वीतभर माती. खरीप निघालं की रानात काम उरत नाही. अडचण जमिनीच्या धारणक्षमतेची आहे.

कोयता_हिशेब
मास्तर, धारणक्षमतेपर्यंत बरोबर. पण दुष्काळ ढकलतो आणि ऊस ओढतो, एवढ्यावर थांबलं तर अर्धंच कळतं. पाऊस चांगला झाला त्या वर्षीही टोळ्या जातात. का, ते उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या पैशांच्या) हिशेबात दिसतं.

मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, पावसाळ्यातच उचल देतो. त्या पैशात लग्न, दवाखाना, बियाणं, मागचं देणं भागतं. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. समजा एका कोयत्यावर १ लाखाची उचल आहे. ती फेडायला साधारण २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडपं दिवसाला २ टन तोडत असेल तर १३७ दिवस, दीड टन तोडत असेल तर १८२ दिवस. पावसाने फड बंद राहिला, बाई आजारी पडली, गाडी वेळेवर आली नाही, की दिवस वाया. खाडा पडला तर त्याचा दंड वेगळा. कारखाना १२० दिवसांत बंद झाला तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या दिवाळीला तीच टोळी, तोच मुकादम. वाढ्यांचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) चार पैसे येतात, त्यात रोजचा बाजार भागतो, फेड होत नाही.

एव्हरेट ली या अभ्यासकाने १९६६ साली स्थलांतराबद्दल मूळ ठिकाण, मुक्कामाचं ठिकाण, मधले अडथळे आणि व्यक्तिगत घटक अशी मांडणी केली. आपल्याकडे हे मधले अडथळे मुकादम काढून टाकतो: वाहन, फड, राहायची जागा, आगाऊ पैसे. बदल्यात परतीची वाट तो ताब्यात ठेवतो. म्हणून प्रश्नावलीत कारण "रोजगार" लिहिलं की कर्ज गायब होतं. माझी मागणी कुठे मोजायचं यापेक्षा काय विचारायचं याबद्दल आहे. आगाऊ रक्कम घेऊन आलात का, हा एक प्रश्न हवा.

मांजराकाठ
तो प्रश्न जनगणनेत नको. मुकादम शेजारी उभा असताना खरं उत्तर कोण देईल? आणि जनगणनेच्या उत्तरावरून कुणाच्या नावावर काही कारवाई करता येत नाही, माहिती गोपनीय असते. उचलीची पाहणी स्वतंत्र करावी, मे-जूनमध्ये, माणसं घरी असताना.

तांड्यावरची
मांजराकाठदादा, कोपीवर नोंद होईल असं तुम्ही गृहीत धरलंय. तिथेच गाडं अडतं. प्रगणकाच्या हातात घरयादी असते ती उन्हाळा-पावसाळ्यातली. तेव्हा त्या रानात ऊस उभा असतो, कोपी नसतेच. फेब्रुवारीत यादीत नसलेली नवी घरं शोधून जोडायची असतात खरं, पण टोळी या फडातून त्या फडात हलते. पहाटे चारला माणसं निघतात, बैलगाडी सेंटरची, म्हणजे स्वतःच्या गाडीने ऊस कारखान्यावर नेणारी टोळी तर गाडी खाली करून रात्रीच येते. दुपारी गेलेल्या प्रगणकाला कोपीपाशी दिसतं फक्त एखादं लहान भावंडाला सांभाळणारं पोर. आईचं वय, शिक्षण, मागील वास्तव्य ते काय सांगणार? गावात कुलूप, तिकडे कोपी रिकामी. दुबार नोंदीपेक्षा भीती दोन्हीकडून सुटण्याची आहे.

मांजराकाठ
ताई, हे मान्य. मग उपाय नियमातच शोधू. घरयादीत प्रत्येक घरी नेहमी राहणाऱ्या माणसांची संख्या विचारली जाते, आणि तेव्हा टोळ्या बहुतेक गावात असतात. एका प्रगणन गटात साधारण ७०० ते ८०० माणसं. घरयादीत ७८० आणि फेब्रुवारीत ५१० निघाली, तर २७०ची तफावत आपोआप समोर येते. सात-आठ महिन्यांत जन्म-मृत्यूने एवढ्या गटात पाच-सहांचाच फरक पडेल. ही तफावत गावनिहाय प्रसिद्ध केली तर हंगामी स्थलांतराचा पहिला सरसकट आकडा हाती येईल, नियम न मोडता.

बालाघाटकर
चांगली सूचना आहे, पण त्या २७०मध्ये चाकण-वाळूजला कायमचे गेलेलेही येतील. आणि घरयादीचं काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलं तर काही टोळ्या परतलेल्याच नसतील. तो आकडा ग्रामपंचायतीच्या सदस्यसंख्येला किंवा निधीला लागू होणार का, हेही तुम्ही सांगितलं नाही. माहिती मिळेल, हक्काचा आकडा तोच ५१० राहील.

मांजराकाठ
राहील. तो बदलायला जनगणनेचा नव्हे, निधीवाटपाचा निकष बदलायला हवा. ते काम राज्याचं आहे.

तांड्यावरची
तोवर करता येण्यासारखं सांगते. ऊसतोड मजुरांची गावात नोंद करून ओळखपत्र द्यायचं काम ग्रामसेवकांकडे दिलेलं आहे. त्या यादीत कारखाना, मुकादम आणि मुक्कामाचा तालुका असे तीन रकाने भरून जानेवारीअखेर ती त्या तालुक्याच्या तहसीलला पोचली, तर प्रगणकाला निदान कोणत्या शिवारात किती कोयते शोधायचे ते कळेल. भेट संध्याकाळी सातनंतर ठेवावी, आणि कुलूपबंद घराची चौकशी शेजाऱ्याकडे करून "टोळीसोबत" अशी खूण करावी. पाटोद्याची यादी सांगलीतल्या वाळव्याला पाठवायला नवा कायदा लागत नाही.

कोयता_हिशेब
ताई, रकाना चौथाही ठेवा: सोबत नेलेली मुलं, वयासह. शाळेच्या पटावर ती गावात हजर दिसतात आणि हंगामी वसतिगृह मागताना हाच आकडा कुणाकडे नसतो.