मदत हवी आहे: पाण्याच्या ताणात ज्वारी खरोखर अधिक विष बनवते, की वाढ खुंटल्यामुळे ते अधिक भरते?

नमस्कार. वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी ज्वारीवर एक छोटा प्रकल्प आखत आहे आणि त्यातील एका मूलभूत प्रश्नापाशी अडलो आहे. वनस्पतींच्या शरीरक्रियांचा अभ्यास असणाऱ्या सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पावसाने ओढ दिली की कोवळ्या ज्वारीच्या रानात गुरे सोडू नयेत, हे सोलापूरकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्यामागचे रसायन असे आहे. ज्वारी टायरोसीन या अमिनो आम्लापासून धुरिन नावाचे ग्लुकोसाइड, म्हणजे ग्लुकोज जोडलेले संयुग, तयार करते. धुरिन पानाच्या बाह्यत्वचेतील पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठवलेले असते, तर त्याचे विघटन करणारे विकर आतील पेशींच्या हरितलवकांत असते. त्यामुळे उभ्या पिकाला त्यापासून अपाय होत नाही. गुराने पान चावले की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. ते पेशींच्या श्वसनातील शेवटचे विकरच बंद पाडते, रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही, आणि म्हणूनच अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते.

आता माझा प्रश्न. ‘ताण पडला की ज्वारी विष बनवते’ असे सर्रास लिहिले जाते. परंतु मोजमाप बहुधा दर ग्रॅम पानामागे केलेले असते. पाणी कमी पडले की प्रकाशसंश्लेषण मंदावण्याच्या आधीच पेशींचे प्रसरण थांबते, म्हणजे वाढ खुंटते. अशा वेळी धुरिनचे उत्पादन पूर्वीइतकेच राहिले, तरी लहान पानात त्याचे प्रमाण वाढलेले दिसणारच. शिवाय धुरिन रोपावस्थेत सर्वाधिक असते आणि वयाबरोबर घटते. ताणातील रोप वयाच्या मानाने मागे राहिलेले असल्यामुळे, पेरणीपासूनचे दिवस सारखे धरून केलेली तुलना मला फसवी वाटते.

दुसरी बाजूही दुबळी नाही. धुरिनमधील नायट्रोजन सायनाइड बाहेर न सोडता पुन्हा वापरण्याचा मार्ग ज्वारीकडे आहे, त्यामुळे ते केवळ संरक्षक विष नसून नायट्रोजनचा साठाही असावे, असे मानले जाते. दुष्काळातही पाने हिरवी राखणाऱ्या काही वाणांत धुरिन अधिक आढळले आहे. ताणात वनस्पतींमध्ये साचणाऱ्या प्रोलीन या अमिनो आम्लाबाबत तर शंकाच नाही: ताणात ग्लुटामेटपासून त्याची निर्मिती वाढते, विघटन रोखले जाते, आणि पाणी मिळताच हा क्रम उलटतो. धुरिनबाबतही असाच सक्रिय बदल होतो का, हे ज्वारीच्या मालदांडी ३५-१ या वाणावर कुंड्यांत तपासता येईल का? महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत होण्यासारखी पद्धत हवी आहे.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे, आणि दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. ती वेगळी करण्यासाठी एकच आकडा पुरणार नाही. ताण देण्यापूर्वी काही रोपे काढून ठेवा आणि नंतर दर ग्रॅम शुष्क वजनामागील प्रमाणाबरोबरच पूर्ण रोपातील एकूण धुरिनही मोजा. प्रमाण वाढले पण एकूण साठा पाणी दिलेल्या रोपांपेक्षा अधिक झाला नाही, तर ती मुख्यतः वाढ खुंटल्याची खूण समजावी. एकूण साठाही त्यांच्यापेक्षा वाढला, तर निर्मिती वाढल्याचे म्हणता येईल. ओल्या वजनावर विसंबू नका, कारण कोमेजलेल्या पानात पाणीच कमी असते. तुलना दिवसांवर न करता उघडलेल्या पानांच्या संख्येवर करावी.

नत्राच्या किमान दोन मात्रा ठेवा, असा माझा आग्रह आहे. नत्र भरपूर मिळालेल्या ज्वारीत धुरिन वाढते, हे पुष्कळदा दिसले आहे. ताण आणि नत्र यांची गुंतागुंत न सोडवता काढलेला निष्कर्ष टिकणार नाही. प्रोलीन त्याच रोपांत निनहायड्रिन या रंग आणणाऱ्या रसायनाने ५२० नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजा. ते वाढलेच नाही, तर मुळात ताणच पुरेसा बसलेला नाही, असे समजावे.

हायड्रोसायनिक आम्लाच्या वाफेने पिक्रेट या रसायनाचा पिवळा कागद विटकरी होणे ही चाचणी स्वस्त आहे, पण तिच्यावरून केवळ अंदाज येतो. नमुना घेताना पाने चुरगळू देऊ नका. हायड्रोसायनिक आम्ल सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते मोजण्याआधीच उडून जाते. याच कारणासाठी पाने कुटण्याचे काम फ्यूम हुडमध्ये, म्हणजे विषारी वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात, करावे. पुढे एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेची मदत मिळाली, तर धुरिन-निर्मितीच्या पहिल्या पायरीवरील विकराच्या जनुकाची क्रियाशीलता तपासावी. धुरिन अजिबात न बनवणारी जी उत्परिवर्तित ज्वारी मिळाली आहे, तिच्यात दोष याच जनुकात आहे.

आणखी एक सुचवतो: ताणानंतर पुन्हा पाणी देऊन नव्या फुटव्यांचे नमुने वेगळे घ्या. पावसाचा खंड संपल्यावर गुरे आधी त्यांनाच तोंड लावतात, आणि जुन्या पानांची सरासरी तिथे उपयोगाची नाही.