पदाधिकारी फुकट का राबतात?

कुणीतरी विचारलंय, सोलर बसवणाऱ्यांच्या संघटनेचे पदाधिकारी बिनपगारी राबतात ते स्वतःचा धंदा वाढवायलाच ना? असेल की! त्यात वावगं काय? आमच्या लातूरकडच्या एका पदाधिकाऱ्याचं दुकान दुपारी बंद दिसतं, कारण साहेब दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाची नेट मीटरची (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरची) फाईल घेऊन बसलेले असतात. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेचं ३ किलोवॉटचं ७८ हजार अनुदान यंत्रणा सुरू झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येतं. तोवर शिव्या खातो तो बसवणारा. वीज कंपनीत एकट्यादुकट्याला कोण विचारतंय? म्हणून संघटना लागते.

मागे याच साहेबांनी नव्या पोरांना गच्चीवर नेऊन, बोअरच्या पाण्यानं धुतलेल्या पॅनेलवरचा क्षारांचा पांढरा थर नखानं खरवडून दाखवला. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, सकाळीच धुवा, हेही तेव्हाच सांगितलं.

माझी तक्रार वेगळीच आहे. दरवेळी तेच चार चेहरे. अध्यक्षपद फिरतं ठेवा, धाराशिव-हिंगोलीच्या लहान बसवणाऱ्यांनाही कमिटीत घ्या. सगळ्या बैठका संभाजीनगरला ठेवल्या तर ही माणसं कामाचा खाडा करून येणार कशी?